यीस्ट की बीव्ही? गोळ्यांना दोष द्यायच्या आधी हे बघा

गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि खाली परत परत त्रास व्हायला लागला की बहुतेकजणी ठरवूनच टाकतात, यीस्ट झालंय आणि गोळ्यांमुळेच झालंय. पण तिथे सारखे वाटणारे दोन त्रास असतात, यीस्ट आणि बीव्ही म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, आणि हार्मोन्सच्या बाबतीत दोघांचं गणित जवळजवळ उलटं आहे.

यीस्ट म्हणजे बुरशी, बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स. खाज असह्य, लघवी करताना आग, आणि पांढरं जातं ते घट्ट, फाटलेल्या दुधासारखं, वास जवळपास नाहीच. बीव्हीत जातं ते पातळ, करडट, आणि माशासारखा वास येतो जो संबंधानंतर वाढतो, खाज कमी किंवा नाहीच. शिवाय यीस्टमध्ये योनीचा पीएच (आम्लतेचं माप) सहसा नॉर्मल राहतो, बीव्हीत ४.५ च्या वर जातो.

आता गोळ्यांचं. बऱ्याच गोळ्यांत असणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि ते कॅन्डिडाच्या पथ्यावर पडतं, म्हणून तर प्रेग्नन्सीत यीस्ट जास्त होतं आणि मेनोपॉजनंतर कमी. १९६० च्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं, आजच्या बऱ्याच गोळ्यांत २० ते ३५ असतं, त्यामुळे जुन्या गोळ्यांची बदनामी आजच्या गोळ्यांना जशीच्या तशी लावू नका, काही अभ्यासांत संबंध दिसतो काहींत नाही. बीव्ही मात्र हार्मोनवाली साधनं वापरणाऱ्यांत उलट कमी आढळतो.

हे इतकं सांगतेय कारण औषधं पूर्ण वेगळी आहेत. बीव्हीला मेट्रोनिडाझोलसारखं अँटिबायोटिक लागतं, यीस्टवर ते काहीच करत नाही आणि अँटिबायोटिकनंतर यीस्ट उसळूही शकतं. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात यीस्ट समजून स्वतःच औषध विकत घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणींनाच खरंच फक्त यीस्ट निघालं! म्हणजे वासावरून, खाजेवरून अंदाज येतो, खात्री होत नाही.

वर्षात ३ किंवा जास्त वेळा झालं तर स्वॅब कल्चर (स्रावाचा नमुना वाढवून नेमकी बुरशी ओळखणं) करायला सांगाच, कॅन्डिडा ग्लाब्राटा ही दुसरी जात असेल तर नेहमीचं बुरशीवरचं औषध फ्लुकोनॅझोल नीट लागू पडत नाही, आणि शुगरही तपासा. यीस्ट पक्कं निघालं तर आधी थोडे दिवस आणि मग आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल असा ६ महिन्यांचा कोर्स देतात, प्रेग्नन्सीत मात्र ती गोळी टाळतात.

एवढं करूनही गोळ्यांचाच संशय राहिला तर कमी इस्ट्रोजेनची किंवा इस्ट्रोजेन नसलेली, नुसत्या प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनची गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारा, पाकीट मध्येच सोडून देऊ नका. आणि तोपर्यंत कॉन्डोमवर राहणार असाल तर जपा, यीस्टच्या बऱ्याच क्रीममध्ये तेल असतं आणि त्याने कॉन्डोमचं लेटेक्स (रबर) कमकुवत होतं.