बोट पहिल्या फ्रेटवरच का दुखते?

इलेक्ट्रिक गिटार नव्याने शिकणाऱ्याला ‘बोटांना घट्टे पडू द्या, मग दुखणार नाही’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अगदीच खोटा नाही, कारण बोटांच्या टोकांची त्वचा सरावाने खरोखर जाड होते. पण या सल्ल्यामुळे दुखणे हा साधनेचाच भाग आहे असा समज रुजतो आणि वाद्य नीट जुळवलेले आहे का, हे पाहायचे राहून जाते. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिलीपाशी, घाम फोडणारी एफची बार कॉर्ड (तर्जनीने सहाही तारा आडव्या दाबून धरायचा स्वरसमूह) तशीच सरकवून सातव्या फ्रेटवर धरली, तर त्याच बोटांना ती पुष्कळ सोपी जाते. दोष केवळ बोटांच्या ताकदीचा असता, तर एवढा फरक पडायला नको होता.

आधी ताणाचा हिशेब करू. तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि दर मीटरमागचे वस्तुमान या तीन गोष्टींवर ठरतो, हे शाळेत शिकवलेले असते. लांबीची दुप्पट गुणिले वारंवारता, या गुणाकाराचा वर्ग करून त्याला दर मीटरमागच्या वस्तुमानाने गुणले की ताण मिळतो. नट (दांड्याच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) ते ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा दुसरा आधार) हे अंतर २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असलेल्या गिटारवर ०.०१० इंच जाडीची पहिली तार ३२९.६ हर्ट्झला लावली, तर तिच्यातला ताण सुमारे ७.४ किलो भाराइतका येतो. अशा संचातल्या सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोंच्या आसपास जातो. लांबी, जाडी आणि स्वर एकदा ठरले की हा ताणही ठरला; गिटारवरचा कोणताही स्क्रू फिरवून, स्वर तोच ठेवून, तो कमी करता येत नाही. तार ०.००९ इंचाची घेतली तर तो १९ टक्के उतरतो, आणि २४.७५ इंच लांबीच्या गिटारवर जवळपास ६ टक्के. ‘ए’ हा प्रमाण स्वर ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झचा धरून वाद्य लावले की ते विश्वाच्या कंपनांशी जुळते, असा एक दावा मोठ्या श्रद्धेने केला जातो. त्याला भौतिकशास्त्रात काहीही आधार नाही. बोटांचा फायदा म्हणाल तर ताण जेमतेम साडेतीन टक्क्यांनी घटतो.

मात्र बोटाला ताण थेट जाणवत नाही. बोट तार लांबीच्या दिशेने ओढत नाही, ती आडवी दाबते, आणि खरी मौज इथेच आहे. कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी मधोमध दाबली तर सहज खाली जाते, पण खिळ्याजवळ तेवढीच खाली न्यायला बराच जोर लागतो, कारण तिथे दोरीला एकदम तीव्र कोनात वळावे लागते. तारेचेही तसेच आहे. दाबण्याच्या जागेपासून नटपर्यंतचे अंतर ‘अ’, ब्रिजपर्यंतचे अंतर ‘ब’ आणि तार जितकी खाली न्यायची ती उंची ‘उ’ मानली, तर लागणारे बल म्हणजे ताण गुणिले ‘उ’, गुणिले (१/अ + १/ब). पहिला फ्रेट नटपासून जेमतेम ३६ मिलिमीटरवर असल्याने १/अ हे पद तिथे फुगते. तार पहिल्या फ्रेटच्या अर्धा मिलिमीटर वर असेल, तर ती फ्रेटला नुसती टेकवायला सुमारे १०८ ग्रॅम भाराइतके बल लागते. बाराव्या फ्रेटवर हीच तार १.६ मिलिमीटर, म्हणजे तिप्पट उंच असूनही ७३ ग्रॅम पुरतात. बार कॉर्डमध्ये एकट्या तर्जनीला सहाही तारा आडव्या दाबायच्या असल्याने पहिल्या फ्रेटवर हा आकडा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. नटच्या खाचा थोड्या खोल करून ती उंची ०.३ मिलिमीटरवर आणली, तर तेच काम ४०० ग्रॅमच्या आसपास होते. मिलिमीटरच्या पाचव्या भागाने बोटाचे ४० टक्के कष्ट वाचतात, आणि ते कोणत्याही घट्ट्यांनी वाचत नाहीत.

खाच उंच आहे की नाही, हे तपासायला उपकरण लागत नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि तिच्याखाली पहिल्या फ्रेटशी किती फट उरते ते उजेडाच्या बाजूने पाहावे. साध्या कागदाचा कपटा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, तिथून जेमतेम सरकला तर खाच ठीक आहे. कार्ड सरकत असेल तर ती उंच आहे. पुष्कळशा नव्या गिटारींचे नट मुद्दाम थोडे उंच सोडलेले असतात, कारण खाच नंतर घासून खोल करता येते, पण जास्त घासली गेली तर नट भरावा किंवा बदलावाच लागतो. म्हणून खाचेच्या मापाची कानस हाताशी नसेल, तर हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. तार मोकळी वाजवताना खरखरते आणि कोणत्याही फ्रेटवर दाबताच स्वच्छ वाजते, अशी अवस्था झाली तर खाच वाजवीपेक्षा खोल गेली असे समजावे.

नटला हात लावण्यापूर्वी मानेचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा, बाक मात्र पाहिला पाहिजे. तारांच्या ओढीने मान पुढे वाकते आणि तिच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, तिला उलट दिशेने सावरतो. गिब्सन कंपनीतले थॅडियस मॅकह्यू यांना त्याचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. तारा खाली आणण्यासाठी ट्रस रॉड आवळायचा, हा अनेकांचा समज चुकीचा आहे. कंप पावणारी तार मधल्या भागात जास्त जागा घेते, तेवढ्यापुरता किंचित बाक मानेत ठेवणे, हे त्याचे काम. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली असता आठव्या फ्रेटशी पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली की पुरे. रॉड एका वेळी पाव वळशाहून जास्त फिरवू नये. तारांची उंची ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे तार ज्यावर टेकते त्या तुकड्याने, ठरते. सॅडल एक मिलिमीटर खाली घेतले की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरते आणि पहिल्या फ्रेटवर जवळपास काहीच फरक पडत नाही. सॅडल कितीही खाली घेतले तरी एफ सोपा होत नाही, याचे कारण हेच.

उंच नटमुळे स्वरही बिघडतो. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. हा चढ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०१७ इंचाच्या साध्या तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटशी अर्ध्या मिलिमीटरला सुमारे दोन सेंट, म्हणजे अर्धस्वराचे दोन शतांश, तर एक मिलिमीटरला आठ सेंटच्या जवळ. अशा वेळी लोक सॅडल मागेपुढे करून इंटोनेशन, म्हणजे दाबलेल्या तारेच्या स्वरांचा अचूकपणा, जुळवू पाहतात. सॅडल एक मिलिमीटर मागे घेतले आणि मोकळी तार पुन्हा स्वरात लावली, तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर २.७ सेंटने उतरतो, पण पहिल्या फ्रेटवरचा अवघा ०.१६ सेंटने. तिथला चढ नटच्या खाचेतच कमी करावा लागतो, आणि म्हणून इंटोनेशन सर्वांत शेवटी जुळवायचे असते.