ऑक्सिजन सेन्सरच्या सॉकेटला चीर का असते?

साधा सॉकेट म्हणजे पोलादाची बंद नळी. नटावर चढवायची, रॅचेट लावायचं आणि फिरवायचं. ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा भाग. त्याच्यासाठी बावीस मिलीमीटरचा जो खास सॉकेट मिळतो, त्याला मात्र एका बाजूने वरपासून खालपर्यंत चीर असते. कारण सरळ आहे. सेन्सरच्या डोक्यातून वायर निघते आणि तिच्या टोकाला कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग असतो. तो बंद सॉकेटच्या भोकातून जात नाही, म्हणून वायर बाजूच्या चिरेतून आत सरकवायची.

पण या चिरेची किंमत मोजावी लागते. वर्तमानपत्राच्या पानाची सुरळी करा, कड टेपने नीट चिकटवा आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. ती दाद देत नाही. आता टेप काढून पुन्हा पिळा, लगेच वळते. कागद तोच, जाडी तीच, फक्त गोल तुटला. सॉकेटचंही तसंच होतं. जोर लावला की चीर किंचित फाकते, पकड नटाच्या कोपऱ्यांकडे सरकते आणि कोपरे गोल होतात. कोपरे एकदा गोल झाले की साधं काम अवघड होऊन बसतं.

माझी गाडी नऊ वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वावरली आहे. चेक इंजिन लाईट लागला आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरने पी०१३५ हा कोड दाखवला. कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या आधी बसवलेल्या सेन्सरच्या हीटरमध्ये दोष, असा त्याचा अर्थ. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पान्यांवर पैसे घालण्याआधी स्कॅनर आणि मल्टिमीटर वापरा. सेन्सर हा निरोप्या आहे. ‘मिश्रणात हवा जास्त आहे’ असं सांगणारा पी०१७१ सारखा कोड आला म्हणून सेन्सर बदलला, आणि खरा दोष इंजिनाच्या फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत निघाला, असं वारंवार घडतं. हीटरचा कोड असेल तर तपासणी सोपी असते. इंजिन बंद आणि गार असताना कपलर काढायचा, सेन्सरकडच्या हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावायचा. त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात. चांगल्या हीटरचा रोध काही ओहम असतो, फार तर दहा-पंधरा. माझ्या मीटरवर आकडाच उमटला नाही. आतली तार तुटली होती.

हीटर का लागतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते, दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा सच्छिद्र थर दिलेली. टोपीच्या बाहेर इंजिनाचा धूर, आत बाहेरची स्वच्छ हवा. झिर्कोनिया साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सरकू लागतात. तो लवकर तापावा म्हणून हीटर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये तफावत जितकी जास्त, तितका व्होल्टेज जास्त. पेट्रोल जास्त असेल तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. हवा जास्त असेल तर ०.१. मधली उडी, १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणापाशी, जवळजवळ कड्यासारखी सरळ असते. या व्होल्टेजचं गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं. पुढे त्यांनी दिवा बनवला तोही झिर्कोनियाचीच कांडी तापवून. बॉशचा असा सेन्सर व्होल्व्होच्या गाडीत आला तो १९७६ मध्ये. (काही नव्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी वेगळ्या जातीचा, रुंद पल्ल्याचा सेन्सर असतो. त्याला हे व्होल्टचे आकडे लावू नका.)

म्हणजे सेन्सर बसवायचा तो गाडीतल्या सगळ्यात तापणाऱ्या, धुराच्या नळीवर. आटे शेकडो अंशांना तापतात, रोज गार होतात, वर पावसाळा आणि खारी हवा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत ती जागा नसते, म्हणून गंज पाचरीसारखा ठासून बसतो. सेन्सर जॅम होतो तो असा.

गंज सोडवणारं तेल इथे उपयोगी पडतं, पण त्याला घाई चालत नाही. फट जितकी अरुंद, तितकं तेल आत ओढलं जातं. दिव्याची वात जशी तेल ओढते तसं. फक्त वेळ लागतो. मी रात्री गार इंजिनावर थोडं तेल सोडलं आणि सकाळी पुन्हा. तापलेल्या नळीवर ते कधीही फवारू नका, पेट घेऊ शकतं. सकाळी तेल पुसून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवलं आणि नळी हात जेमतेम टेकवता येईल इतकी कोमट होऊ दिली. तापताना-निवताना दोन धातू एकमेकांवर किंचित सरकतात आणि गंजाची पकड ढिली होते.

तरीही चिरेच्या सॉकेटने सेन्सर हलला नाही. चीर फाकताना मला डोळ्यांनी दिसली, म्हणून मी थांबलो. नवा सेन्सर हातात होता आणि जुना मेल्याची खात्री मल्टिमीटरने दिली होती. कटरने जुन्या सेन्सरची वायर मुळाशी कापली आणि बावीसचा सहा कोनांचा, लांब, बंद सॉकेट वरून चढवला. सहा कोनांचा अशासाठी की तो नटाला सपाट बाजूंवर धरतो. बारा कोनांचा कोपऱ्यांजवळ धरतो.

मग लांब दांडी. सेन्सर बसवताना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर आवळतात. पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला १८ किलो वजन टांगलं की एवढा पीळ मिळतो. जॅम झालेल्याला त्याच्या तिप्पट-चौपटही लागू शकतो. साठ सेंटीमीटरच्या दांडीवर ३० किलोचा जोर दिला की सुमारे १८० न्यूटन-मीटर होतात. हिसका दिला नाही. अंग मागे टाकत जोर हळूहळू वाढवला. आधी काहीच नाही, मग ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि आट्यांच्या कडेने तपकिरी भुकटी झडली. तिथेही सरळ फिरवत सुटू नका. पाव फेरा सैल, अर्धा पाव परत आत, थोडं तेल, पुन्हा सैल. गंजाचा चुरा आट्यांत अडकला तर नळीकडचे आटे जातात.

माझं काम बॉनेट उघडून वरूनच झालं. ज्यांचा सेन्सर खाली आहे त्यांनी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. गाडी पक्क्या स्टँडवर, सपाट फरशीवर, मागच्या चाकांना अडण लावूनच. दांडीवर जोर देताना गाडी हलते.

भोकातले आटे ब्रशने साफ केले. खराब असते तर १८ मिलीमीटर व्यासाचा, १.५ मिलीमीटर पिचचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हळुवार फिरवावा लागला असता. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा धातूची भुकटी असलेलं खास ग्रीस आधीच लावलेलं असतं. साधं ग्रीस इथे जळून जातं. टोकाला मात्र काहीच लागू देऊ नका, बोटही नको. सिलिकॉनचा सीलंट तर आसपासही नको. त्याच्या वाफेतून टोकावर वाळूसारखा थर बसतो आणि प्लॅटिनमची छिद्रं बुजतात. वायर कापून जोडायचा मोहही टाळा. टोपीच्या आतली स्वच्छ हवा अनेक सेन्सरांत वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच पोचते. डाग दिला की ती वाट बंद.

आधी बोटांनी आटे धरवले. आता चिरेचा सॉकेट कामाला आला. आवळायला जोर बेताचा असतो, तेवढा तो पेलतो. ज्या सॉकेटला रॅचेटचं चौकोनी भोक बाजूला असतं, तो टॉर्क पान्याला, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याला, काटकोनात लावायचा. एका रेषेत लावला तर दांडीची लांबी वाढते: ३० सेंटीमीटरच्या पान्याला ३ सेंटीमीटर जोडले की पीळ दाखवलेल्या आकड्याहून दहा टक्के जास्त बसतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

कपलर जोडला, कोड पुसला, इंजिन चालू केलं. उरलेलं तेल जळून थोडा धूर आला. स्कॅनरवर सेन्सरची रेघ आधी मध्यावर सपाट होती. अर्ध्या मिनिटात ती हलली: ०.८, ०.१, ०.७, पुन्हा ०.१.