गाडी एका बाजूला कललीय? स्प्रिंग किंवा बफर विकत घेण्याआधी हे वाचा

"गाडी ड्रायव्हर साइडने बसलीय, तेवढ्या साइडचा शॉकअप बदलून द्या." हे वाक्य आमच्या गॅरेजमध्ये इतक्या वेळा ऐकायला मिळतं की शेवटी एकदा सगळं नीट लिहूनच काढायचं ठरवलं, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं उसळणं थांबवणं एवढंच. गॅसच्या शॉकअपमध्ये थोडा दाब असतो, त्याने गाडी अगदी किंचित उचलली जाते, पण एक बाजू बोटभर खाली आलीय आणि कारण शॉकअप आहे असं आम्हाला क्वचितच दिसतं. शॉकअपला तेल सुटलं असेल तर तो बदलायलाच हवा, ते वेगळं, पण बदलल्यावर गाडी सरळ उभी राहील ही आशा ठेवू नका. नवीन शॉकअप टाकला तरी गाडी होती तशीच राहिली म्हणून चिडून आलेले बरेच लोक आम्ही बघतो, आणि वाईट वाटतं कारण पैसे तर गेलेलेच असतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. जो कोपरा खाली दिसतो तोच कोपरा खराब आहे असं धरून चालू नका. गाडीची बॉडी कडक असते, चार स्प्रिंगवर ठेवलेल्या टेबलासारखी. टेबलाच्या एका पायाखालची स्प्रिंग बसली तर फक्त तेवढाच कोपरा खाली जात नाही, सगळं टेबल हलतं. आकड्यात बघा. समजा पुढची डावी स्प्रिंग २० मिमी बसली आणि चारही चाकांना स्प्रिंगचा कडकपणा सारखा आहे, तर पुढचा डावा कोपरा २० नाही, १५ मिमी खाली येतो, पुढचा उजवा ५ मिमी खाली, मागचा डावा पण ५ मिमी खाली, आणि मागचा उजवा उलट ५ मिमी वर जातो. खऱ्या गाडीत स्टेबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणं कमी करणारी लोखंडी दांडी) असतो, पुढे-मागे स्प्रिंग वेगळ्या असतात, त्यामुळे आकडे थोडे सरकतात पण प्रकार हाच. आता डाव्या-उजव्यातला फरक काढा. पुढे १० मिमी आणि मागेही १० मिमी! म्हणजे दोष पुढच्या एका स्प्रिंगमध्ये, पण गाडी पुढून बघा नाहीतर मागून, कललेली सारखीच दिसणार. बहुतेक लोक गाडी मागून बघतात, डिक्कीजवळ उभं राहून व्हील आर्चमध्ये बोटं घालतात, इकडे तीन बोटं तिकडे चार बोटं, आणि ठरवून टाकतात की मागची डावी स्प्रिंग गेली.

मग पुढे काय होतं तर दुकानातून स्प्रिंगमध्ये अडकवायचा रबरी बफर आणतात किंवा स्पेसर (स्प्रिंगखाली उंची वाढवायला घालायची चकती) टाकून घेतात मागच्या डाव्या बाजूला. आणि गाडी खरंच सरळ दिसायला लागते, इथेच सगळी फसगत आहे. वरच्याच उदाहरणात मागच्या डाव्या बाजूला २० मिमीचा स्पेसर टाकला तर पुढचे दोन्ही कोपरे १० मिमी खाली आणि मागचे दोन्ही १० मिमी वर येतात, डावं-उजवं एकदम बरोबर. पण वजन बघा. चाकाशी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अंदाजे अडीच किलो वजन लागतं असं धरलं तर नुसती स्प्रिंग बसली होती तेव्हा प्रत्येक चाकावर साडेबारा किलोचा फरक पडलेला, आणि या "दुरुस्ती"नंतर तो २५ किलो झाला. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जास्त दाबलेलं, पुढचं डावं आणि मागचं उजवं हलकं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की हलकं चाक आधी घसरतं आणि गाडी एका बाजूला ओढते, मग लोक ब्रेकचं काम काढतात. दिसायला सरळ झालेली गाडी आतून दुप्पट पिळलेली असते. हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगतो कारण यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आधी तुमचा बफर काढायचा, गाडी परत खाली बसू द्यायची, चालवून आणायची आणि मग पहिल्यापासून मापं घ्यायची.

मध्यंतरी एक गाडी आली होती, मालकांनी मागे दोन्ही नवीन स्प्रिंग टाकून घेतलेल्या दुसरीकडून, तरी कललेलीच, मग एका बाजूला बफर, मग त्याच्यावर अजून एक. आम्ही पुढचा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) उघडला तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून सीटमध्येच, म्हणजे स्प्रिंग बसते त्या कपातच पडलेला. बाहेरून काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं कारण तुटलेला तुकडा कपात बसून राहतो. हे फार ठिकाणी बघायला मिळतं आणि धोक्याचं पण आहे, तुटलेलं टोक सरकलं तर थेट टायर कापतं.

आता तुम्ही घरी काय बघू शकता ते सांगतो. टेपने जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मधोमध हबपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची हवा आणि झीज यांचा त्या मापात गोंधळ होत नाही. तरी आधी चारही टायरची हवा बरोबर करून घ्याच, आणि एका बाजूला नवीन टायर, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत झालेला असेल तर तेवढ्यानेच बॉडी पाच-सहा मिमी कलू शकते, कारण नवीन टायरची नक्षी ८ मिमीच्या आसपास असते. डिक्की रिकामी करा. गाडीत कोणी बसू नका, एकटा ड्रायव्हर बसला तरी चार-पाच मिमी फरक सहज पडतो.

गाडी जॅकवर उचलून नुकतीच खाली ठेवली असेल तर त्या वेळचं माप पूर्ण फुकट आहे. चाक लटकलं की आत ओढलं जातं, खाली टेकल्यावर टायर जमिनीला चिकटून तसाच अडकून राहतो आणि गाडी उंच दिसते. पंक्चर काढून आल्यावर लगेच फोन करणारे असतात की एक बाजू वर आलीय. गाडी थोडी पुढे-मागे चालवा, बॉनेट आणि डिक्की दोन-तीनदा दाबून सोडा, मग मोजा.

आणि जमीन. रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी कललेली दिसतेच, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, दोन टक्के उतार धरला तरी दीड मीटर रुंदीत ३० मिमी झाले. डोळ्याला ते लगेच दिसतं. पण सपाट उतार हबपासूनच्या मापाला फारसा फसवत नाही, फसवते ती पिळलेली जमीन, म्हणजे तीन चाकं सारखी आणि एक चाक खड्ड्यात. ओळखायचं कसं तर पुढे डावी बाजू उंच आली आणि मागे तीच डावी बाजू बुटकी आली, की गाडीवर शंका घेण्याआधी जमिनीवर घ्या. कडक बॉडी सपाट जमिनीवर पुढे एकीकडे आणि मागे दुसरीकडे कलू शकत नाही (फेंडर अपघातानंतर वाकडा बसवला असेल तर मात्र माप तसं येऊ शकतं, तेव्हा फेंडर सोडून बॉडीच्या खालच्या कडेला दोन्हीकडे एकाच जागी मोजा). अजून सोपी युक्ती, गाडी वळवून त्याच जागेवर उलट्या तोंडाने उभी करा. कलणं गाडीबरोबर फिरलं तर दोष गाडीत, जागच्या जागी राहिलं तर जमिनीत. ही एवढी एक गोष्ट करून आलात तर अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं, खरंच सांगतो.

किती फरक चालतो हा पण नेहमीचा प्रश्न. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डाव्या-उजव्यात १० ते १५ मिमीपर्यंत फरक मान्य केलेला असतो, तुमच्या गाडीचा आकडा आम्ही बघून सांगू. बॅटरी, पेट्रोलची टाकी, स्टिअरिंग, सगळं काही मधोमध नसतं. ७-८ मिमी फरक असेल आणि गाडी ओढत नसेल, टायर सारखे झिजत असतील तर आम्ही सरळ सांगतो की काही करू नका. नवीन स्प्रिंग विकण्यापेक्षा तुम्ही पाच वर्षांनी परत आमच्याकडेच यावं हे आम्हाला जास्त बरं.

लोक विचारतात की तपासणीला एवढा वेळ का लागतो, टेपच तर लावायचीय. आम्ही मापं घेतल्यावर पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीच्या) बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढीच उचलतो. आता पुढच्या स्प्रिंगचा बॉडीच्या कलण्यावर जोर राहत नाही, बॉडी जॅकच्या टोकावर मोकळी असते आणि तिला फक्त मागच्या स्प्रिंग सांभाळतात. मागची बाजू सरळ झाली तर दोष पुढे आहे. कलणं उलट वाढलं तर दोष मागे आहे. मग तेच मागून करतो. हे घरी करू नका, जॅक मधोमध नसला तर उत्तर चुकीचं येतं आणि भलत्या जागी लावला तर ऑइल सम्प (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटतो, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीच जायचं नाही. त्यानंतर स्टेबिलायझरची लिंक (बार चाकाकडे जोडणारी छोटी दांडी) सोडवून बघतो. दोन्ही चाकं जमिनीवर सारखी असताना लिंकचा बोल्ट हाताने सहज बसायला हवा, जोर लावावा लागला तर बार वाकलेला आहे किंवा दोन बाजू सारख्या नाहीत. शेवटी गरज पडली तर डावी-उजवी स्प्रिंग एकाच नंबरची आहे याची खात्री करून त्यांची अदलाबदल करतो, खाली बसलेली बाजू स्प्रिंगबरोबर गेली तर गुन्हेगार सापडला. एवढ्या सगळ्याला वेळ लागणारच, म्हणून तपासणीचा चार्ज वेगळा घेतो, आणि काम आमच्याकडे केलंत तर तो बिलातून वजा होतो.

नंबरची गोष्ट महत्त्वाची आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये एकाच गाडीला इंजिन आणि व्हेरिएंटप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंग असतात, काहींना तर डाव्या-उजव्या पण वेगळ्या, त्यांच्यावर रंगाचे पट्टे मारलेले असतात. जुन्या स्प्रिंग काढल्यावर ते पट्टे पुसू नका आणि स्प्रिंग टाकून देऊ नका, सोबत घेऊन या. पेट्रोलची पुढची स्प्रिंग डिझेलमध्ये बसते, पण डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे गाडी नाकावर बसते.

आता एक चूक जी गाडीमालकाची नाही, काम करणाऱ्याची असते, पण भोगता तुम्ही. लोअर आर्म किंवा मागच्या आर्मचे (चाक बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलले आणि गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असतानाच बोल्ट फुल टाइट केले. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकलेल्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं, स्प्रिंगसारखं जोर लावून ती बाजू वर धरतं आणि लवकर फाटतं. एका बाजूचा आर्म बदलला आणि त्यानंतर गाडी कललेली वाटायला लागली असेल तर हे आधी बघायला सांगा. उपाय काही मोठा नाही, बोल्ट ढिले करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-तीनदा दाबायची आणि तशीच ठेवून ठरवून दिलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायचे. नवीन पार्ट लागत नाही. आमच्याकडे आर्मचं काम झालं की शेवटचा टाइटपणा नेहमी चाकांवर उभ्या गाडीवरच होतो. त्याला थोडा वेळ जास्त जातो, कृपया घाई करायला लावू नका.

स्प्रिंग आम्ही एका ॲक्सलला जोडीनेच बदलतो आणि यावरून वाद होतात. एकच तुटलीय तर दोनचे पैसे का. कारण दुसरी पण तेवढीच वर्षं दबलेली आहे, नव्या-जुन्याची उंची जुळत नाही आणि आज डावीकडे कललेली गाडी उद्या उजवीकडे कलेल. खाली-वरचे रबर सीट पण सोबतच बदलतो, ते चेपलेले किंवा उलटे बसलेले असले तरी काही मिमी तिथेच जातात. स्प्रिंगचं टोक कपातल्या खाचेत बरोबर बसलंय का हे आम्ही तुम्हाला दाखवूनच स्ट्रट गाडीत चढवतो.

उंची ठीक झाल्यावरच अलाइनमेंट. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात, म्हणून कललेल्या गाडीची अलाइनमेंट करून आधी मागाल तर आम्ही नाही म्हणतो, ती पुन्हा करावीच लागते. नवीन स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा एकदा दाखवायला या, ते माप आम्ही फुकट घेतो आणि हेडलाइटचा रोखही बघून देतो.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्याने बसलेली असेल तर बहुतेक वेळा एअर बॅग किंवा पाइप गळतोय, साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसतात. गाडी चालू असताना पण कललेलीच राहत असेल तर हाइट सेन्सरची (गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची) छोटी दांडी निघालीय का ते आधी बघू. आणि जॅक लावण्याआधी गाडीत जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) असेल तर तो चालू करा.

गाडी आणताना टाकी अर्धी ठेवा, डिक्कीत स्टेपनी जागेवर असू द्या, बाकी सामान काढा, आणि बफर किंवा स्पेसर टाकला असेल तर कुठे आणि कधी टाकला ते आल्या आल्या सांगा, रागावणार नाही. पुढची-मागची चारही मापं कागदावर लिहून आणलीत तर गाडी लगेच आत घेतो.