घरच्या स्किमरमागची साठ वर्षं

मासे-पोवळी पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसावर पाण्यातला मळ काढणारं यंत्र, घरी बांधायचं म्हटलं, तर सामान साधंच लागतं. चार इंची ॲक्रिलिकची नळी, ती महाग पडली तर नळकामाचा पीव्हीसी पाइप, दोन-तीन एल्बो, एक रिड्यूसर, सॉल्व्हेंट सिमेंटची डबी, एक पंप, एक व्हॉल्व्ह आणि वर मळ साठवायला झाकणाचा डबा. ॲक्रिलिक सोडलं तर बाकी सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पण नळी एवढी उंच का, पाणी वरून का सोडायचं, वरचा भाग मानेसारखा निमुळता का करायचा, यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची खटपट आहे. ती माहीत असली की आपला स्किमर नेमका कुठे अडलाय, हेही लवकर सापडतं.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. काहिलीत उसाचा रस तापत आला की त्यात भेंडीच्या झाडाचा चीक घालतात, मळी फेसासकट वर येते आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळपट होतो. स्किमर हेच काम आचेशिवाय, नुसत्या हवेवर करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचे स्राव यांतून पाण्यात जे प्रथिनांसारखे पदार्थ उतरतात, त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळ काढतं. साबणाचंही असंच असतं. असा रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतो, आणि बुडबुडा म्हणजे दुसरं काय, ती सीमाच. लाखो बारीक बुडबुडे सोडले की बसायला भरपूर जागा होते. ते वर चढतात, मानेत एकमेकांवर रचले जातात, त्यांच्यामधलं पाणी खाली निथळतं आणि मळानं जड झालेला फेस डब्यात सांडतो.

हे गोड्या पाण्यात का जमत नाही, असं मला नेहमी विचारतात. गोड्या पाण्यात बुडबुडे भेटले की एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस वर निघून जातात. पाण्यात पुरेसं मीठ असलं की हे मिसळणं जवळजवळ थांबतं आणि बुडबुडे बारीकच राहतात. कॅनबरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी 1993 साली वेगवेगळ्या क्षारांवर हे पद्धतशीर तपासलं. साध्या मिठासाठी हा बदल ज्या तीव्रतेच्या आसपास होतो, तिच्या कितीतरी पट मीठ समुद्राच्या पाण्यात असतं. म्हणजे स्किमरचं निम्मं काम समुद्रानेच करून ठेवलंय.

फेसाने एक वस्तू दुसरीपासून वेगळी करायची युक्ती मात्र मासे पाळणाऱ्यांची नव्हे, खाणवाल्यांची. ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी 1877 साली ग्रॅफाइट शुद्ध करण्यासाठी तिचं पेटंट घेतलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत शिसं-जस्ताची धातुकं अशी फेसावर तरंगवून काढू लागले. टाकीपर्यंत ही युक्ती यायला आणखी अर्धं शतक गेलं.

तोवर खारं पाणी घरात टिकवणं फार अवघड होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यालय उघडलं, तेव्हापासून शंभर वर्षं भर होता तो समतोलावर: थोडे मासे, थोडं शेवाळ, आणि पाणी बिघडलं की समुद्रातून नवं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं तेही समुद्राच्या काठावरच. आपल्यापैकी कितीतरी जणांनी खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे आयुष्यात पहिल्यांदा तिथेच पाहिले. पण समुद्रापासून दूर, दिवाणखान्यात हे करायचं तर पाणी टाकीतच शुद्ध व्हायला हवं. 1950-60 च्या दशकांत त्यासाठी खडीखालचा फिल्टर आला. खडीतून पाणी खेचायचं, खडीवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. मासे जगू लागले. पण घाण टाकीतच कुजायची आणि नायट्रेट साठतच जायचं. पोवळी, म्हणजे कोरल, त्यात तग धरत नसत.

जर्मनांनी 1960 च्या दशकात उलटा विचार केला: घाण कुजेपर्यंत थांबायचंच कशाला? ती आधीच बाहेर काढू. एर्विन सांडर यांचे हवेवर चालणारे स्किमर आणि टुंझे कंपनीची उपकरणं याच काळातली. सांडर यांच्या धाटणीचा स्किमर म्हणजे एक उभी नळी. खालून हवा, वरून पाणी. बुडबुडे वर जाताना खाली येणाऱ्या पाण्याशी त्यांची समोरासमोर गाठ पडते, त्यामुळे ते नळीत जास्त वेळ रेंगाळतात. घरगुती स्किमरची नळी उंच ठेवतात ती याचसाठी.

बुडबुडे काढायला त्यांनी लिंडेन झाडाचं लाकूड वापरलं. काडेपेटीएवढा ठोकळा, त्याला भोक पाडून हवेची नळी बसवलेली. दगडी एअर स्टोनमधून मण्यांसारखे बुडबुडे निघतात, या लाकडाच्या तंतूंमधून दुधासारखा पांढरा धूर निघतो. मी पहिल्यांदा असा ठोकळा लावला तेव्हा नळीतलं पाणी दिसेनासं झालं, इतकं ते बुडबुड्यांनी भरून गेलं. अडचण एकच. लाकूड फुगतं, छिद्रं बुजतात, आणि महिना-दीड महिन्यात बुडबुडे मोठे होऊ लागतात. शिवाय एक मीटर पाण्याच्या दाबाखाली हवा ढकलायची तर टाकीचा साधा एअर पंप हात टेकतो. लाकडी ठोकळ्याचा स्किमर काही आठवडे सुरेख चालून मग मंदावला, तर दोष बहुतेक वेळा या दोनांपैकी एकात असतो.

स्किमरला खरी प्रतिष्ठा दिली ती बर्लिनच्या हौशी मंडळींनी. 1970-80 च्या दशकांत त्यांनी खडीखालचा फिल्टर काढून टाकला आणि जिवंत खडक (जिवाणू आणि इतर जीव वसलेला समुद्रातला सच्छिद्र दगड), जोरदार स्किमर, भरपूर उजेड आणि चुन्याची निवळी एवढ्यावर पोवळी वाढवून दाखवली. शाळेत कार्बन डायऑक्साइड ओळखायला वापरतो तीच ही निवळी. पोवळ्यांना सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं. ही निवळी पीटर विल्केन्स यांनी जर्मन वाचकांपर्यंत पोहोचवली. अमेरिकेची वाट वेगळी होती. तिथे जॉर्ज स्मिट यांच्या 1986 च्या लेखमालेनं डच पद्धतीचा ठिबक फिल्टर (जिवाणू वसलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारा) घरोघरी नेला, पुन्हा नायट्रेट साठलं, आणि 1990 च्या दशकात तिथल्या लोकांनी फिल्टरमधले ते गोळे काढून बर्लिनची पद्धत धरली.

पुढची सगळी धडपड लाकडी ठोकळ्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी होती, आणि त्यात घरी बसून बांधणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. एक उपाय होता व्हेंचुरी, म्हणजे मध्ये अरुंद होणारी नळी. तिच्या अरुंद जागेतून पाणी जोरात जाताना दाब कमी होतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. तत्त्व इटलीच्या जिओव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरी यांनी 1797 साली मांडलेलं. बेकेट कंपनीचं एक तोंड तर मुळात बागेतल्या कारंज्यासाठी होतं, पांढरं फेसाळ पाणी उडवायला. कुणाच्या तरी लक्षात आलं की हे उलटं धरून नळीत सोडलं तर त्याला हवा कमी पडत नाही, आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांमधून असे स्किमर उभे राहिले. फक्त त्यांना फार ताकदीचा पंप लागतो आणि विजेचं बिल तसंच येतं. मग आला काट्यांचा इम्पेलर, म्हणजे पंपात फिरणारं चाक. पंपाच्या पात्यांऐवजी बारीक काटे. ते ओढलेली हवा चिरून धुक्यासारखी करतात. आज बाजारातले बहुतेक स्किमर असेच आहेत. घरी बांधणाऱ्यांनी काट्यांवर प्लास्टिकच्या जाळीचे थर बांधले आणि छोट्या पंपातूनही भरपूर हवा काढली. मला ही जाळी या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार सुधारणा वाटते, कारण तिला जवळजवळ खर्चच नाही.

एक आकडा मात्र डोक्यात ठेवायला हवा. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यानच स्किमरच्या हाती लागतो, बाकीचा बुडबुड्याला चिकटतच नाही, आणि महागड्या-स्वस्तातला फरक किमतीएवढा मुळीच नाही. घरी बांधणाऱ्याला याहून मोठं बळ कुठलं!

आपल्याकडे या यंत्राचं महत्त्व आणखी एका कारणाने वाढतं. सर्व कठीण पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या समुद्रातलं पोवळं काय किंवा अंदमानच्या खडकावरचं काय, ते काढणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे बर्लिन पद्धतीतला निसर्गातून उचललेला जिवंत खडक आपल्याला मिळणार नाही, मिळू नये. कोरड्या सच्छिद्र दगडावर जिवाणू बसायला कित्येक महिने जातात. तेवढा काळ टाकीचा भार स्किमर वाहतो.

आता बांधलेला स्किमर लावण्याबद्दल. नवं ॲक्रिलिक पहिले काही दिवस फेस धरू देत नाही, नाहीतर भलताच उसळू देतं. तेव्हा व्हॉल्व्हला हात लावायचा मोह आवरावा. आत पातळ थर बसला की फेस स्थिरावतो. मग पाण्याची पातळी मान सुरू होते तिथे आणायची. यासाठी बॉल व्हॉल्व्ह नको, गेट व्हॉल्व्ह हवा. पाव आटा फिरवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. मळ फिक्या चहासारखा पातळ येत असेल तर पातळी जास्त आहे. घट्ट, हिरवट-काळा आणि हळूहळू येत असेल तर कमी. मी या दोन्हींच्या मधला, कोऱ्या कडक चहाच्या रंगाचा पसंत करतो. पोळीला तेल लावलेला हात टाकीत बुडवला तर फेस काही तास बसतो. तेव्हा स्किमर बिघडला असं समजून पातळी वाढवाल, तर रात्री डबा ओसंडेल.

माझा डबा वेगळ्याच कारणाने ओसंडला होता. वीज गेली, टाकीतलं पाणी संपमध्ये, म्हणजे स्किमर ठेवलेल्या टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, उतरलं आणि तिथली पातळी चार बोटं वर आली. वीज परत आली तेव्हा स्किमर तेवढाच जास्त बुडालेला होता. काही मिनिटांत मानेतून मळाऐवजी सरळ पाणीच वर आलं आणि आठवडाभराचा साठा पुन्हा संपमध्ये गेला. त्यानंतर मी संपमध्ये काचेची आडवी पट्टी लावून वेगळा कप्पा केला, जिथली पातळी एरवी हलत नाही, आणि डब्याच्या तळाला नळी जोडून ती खाली बाटलीत सोडली. बाटलीच्या बुचाला फ्लोट स्विच आहे. बाटली भरली की पंप बंद होतो.