सुंभ जळला तरी पीळ का जात नाही?

श्रावणात वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत एका टपरीच्या आडोशाला उभा होतो. टपरीच्या खांबाला हातभर सुंभ लोंबत होता आणि त्याच्या टोकाला लालसर ठिणगी धुमसत होती. येणाराजाणारा विडी काढायचा, सुंभाला टेकवायचा आणि पुढे चालू लागायचा. हवेत इतकी ओल की काड्यापेटीतली काडी ओढली तर गुलाचा नुसता चिखल व्हायचा. "लायटर ठेवत नाही का?" असं विचारल्यावर टपरीवाला म्हणाला, "गिऱ्हाईक खिशात घालून नेता. सुंभ कोण नेतला?"

उत्तर बिनतोड होतं. पण भर पावसात सुंभ विझत कसा नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

नारळाच्या सोडणातून निघतो तो काथ्या आणि काथ्या वळून होतो तो सुंभ. लाकूड असो, कापूस असो वा काथ्या, वनस्पतीच्या धाग्यात कमीअधिक प्रमाणात असणारे दोन पदार्थ इथे महत्त्वाचे: सेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज तापलं की त्याची पटकन वाफ होते आणि ती वाफ पेटली की ज्योत दिसते. लिग्निनची गोष्ट वेगळी. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. तापवल्यावर त्याची वाफ कमी होते आणि कोळसा जास्त उरतो. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच, तागात साधारण १२-१३ टक्के असतं, तर काथ्यात ४० टक्क्यांच्याही वर. म्हणून सुंभाला ज्योत फारशी धरत नाही. त्याचा आधी कोळसा होतो, त्या सच्छिद्र कोळशात हवा शिरते, कोळसा धुमसतो आणि त्या उष्णतेने पुढच्या दोन-चार मिलिमीटर धाग्याचा कोळसा होतो. ज्योत नसल्यामुळे वाऱ्याने विझायचा प्रश्नच येत नाही. उलट वारा लागला की ठिणगी आणखी फुलते. तोड्याच्या बंदुकीतला तोडा म्हणजे याच जातीची धुमसती दोरी, फक्त ती सहसा सोऱ्याच्या पाण्यात भिजवलेली असे.

आपल्या म्हणीचं रसायनशास्त्रही इथेच आहे. धागा जळताना त्यातला वायुरूप होणारा भाग निघून जातो, पण पेशींच्या भिंतींचा सांगाडा कोळसा आणि राख होऊन जागच्या जागी राहतो. वळलेल्या धाग्याचा सांगाडाही वळलेलाच राहणार. ज्याने ही म्हण पहिल्यांदा वापरली त्याला लिग्निन ठाऊक नव्हतं, पण जळलेला सुंभ त्याने नक्की निरखून पाहिला होता.

हेच लिग्निन सुंभाला पाण्यातही टिकवतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला सेल्युलोज म्हणजे आयतं पान वाढलेलं, लिग्निन मात्र पचायला जड. शिवाय काथ्याचा धागा आतून पोकळ असतो, त्यामुळे त्यात हवा राहते आणि कोरडा दोर पाण्यावर तरंगतो. मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात नारळाच्या दोरीने शिवलेली जहाजं पाहिली आणि ती दोरी खाऱ्या पाण्याला दाद देत नाही असं लिहून ठेवलं. जहाजं त्याला मुळीच आवडली नव्हती, पण दोरीला त्याने मान दिला! अलीकडची गोष्ट सांगायची तर, अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज समोर ठेवून गोव्यात एक शिडाचं जहाज बांधलं गेलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. मे २०२५ मध्ये कारवारला ते 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झालं. खिळ्याने ठोकलेली फळी जागची हलत नाही, शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी लवते. विडी पेटवायचा सुंभ आणि हे जहाज यांच्यात धागा एकच, तोही शब्दशः.

सोडण झालं, आता करवंटी. आमच्याकडे तिचा डवला, म्हणजे वाढायची पळी होते, दोडामार्गच्या बाजूला रबराच्या झाडाखाली चीक धरायला ती बांधतात आणि उरलेल्या सगळ्या न्हाणीच्या चुलीत जातात. जळाऊ म्हणून ती उत्तमच. पण तिचं मोठं काम कोकणापासून फार लांब घडलं. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि विषारी वायू गाळणारे मुखवटे शोधायची घाई सुरू झाली. कोळसा वायू धरून ठेवतो हे माहीत होतं, पण कुठला कोळसा? मऊ लाकडाच्या कोळशाची छिद्रं मोठी असतात, त्यातून वायूचे रेणू सुखाने पार होतात. करवंटी गच्च, दगडासारखी. तिच्या कोळशावर ८०० अंश सेल्सियसच्या वर वाफ सोडली की त्यात मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी, बहुतेक त्याहूनही बारीक छिद्रं उघडतात आणि रेणू त्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. अशा एक ग्रॅम कोळशाचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं चिमटीत. १९१८ साली अमेरिकेत करवंट्या पुरेनात, तेव्हा सरकारने लोकांना पीच फळाच्या आठळ्या फेकू नका, जमा करा, असं आवाहन केलं होतं.

तोच कोळसा आज घरोघरच्या पाणी गाळायच्या यंत्रात बसलेला असतो. मला याची गंमत वाटते: न्हाणीत करवंट्या जाळायच्या आणि स्वयंपाकघरात करवंटीचा कोळसा विकत आणायचा. पण चुलीतला कोळसा पाण्यात टाकून ते काम होत नाही, त्याची छिद्रं वाफेने मोकळी केलेली नसतात. आणि मे महिन्यात किनाऱ्यावरच्या विहिरींना खारट पाणी लागतं, त्यावर तर विकतच्या कोळशाचाही इलाज चालत नाही. क्लोरीन आणि वास तो काढतो, मीठ त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मग हे उपयोग एकाला दिसतात आणि दुसऱ्याला का दिसत नाहीत? कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक साधा प्रयोग केला होता. मेणबत्त्या, टाचण्या, काड्या आणि खोकी समोर ठेवायची आणि सांगायचं, मेणबत्त्या दारावर उभ्या करा. खोकं टाचण्यांनी दाराला टोचायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची, की झालं. खोकी रिकामी असली तर लोकांना हे सुचायचं. त्यात सामान भरून दिलं की खोकं हे फक्त 'ठेवायचं भांडं' होऊन बसायचं आणि बरेच जण अडायचे. पुढे २००० साली दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना असंच कोडं घातलं. वस्तूचा नेहमीचा उपयोग आधी दाखवला तर सहा-सात वर्षांची मुलं अडखळली, पाच वर्षांची अडखळली नाहीत. उपयोगाची झापडं साधारण त्या वयात लागतात म्हणायची.

आमच्या काकीला ती लागलीच नसावीत. सोडण तिच्या लेखी कधी भांडी घासायची किशी असते, कधी मच्छर पळवायचा धूर, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माडाच्या आळ्यात पुरायचा स्पंज. सोडणाचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि लिग्निनमुळे मातीत काही वर्षं टिकतो. एका वर्षी आळं भरायचं काम मी केलं आणि सोडणं कशीही टाकली. काकी खळ्यातून ओरडली, "उताणी घाल रे! पालथ्या सोडणात पाणी खंय रवतला?" पुढे कृषी खात्याच्या पत्रकात वाचलं, सोडणांची खोलगट बाजू वर ठेवावी. काकीने ते पत्रक वाचलेलं नाही.

अंगणात मात्र तिचा नियम बरोबर उलटा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला करवंटीभर पाणी पुरतं आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पावसाची सर ओसरली की काकी पदर खोचून अंगणात उतरते आणि दिसेल ती करवंटी पायाने पालथी करत जाते.