टाटा ते गाव : स्तनाच्या ऑपरेशननंतर राहायचं कुठे?

कोकणात एखाद्या बाईला ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की आजार कोणता, ते विचारावं लागत नाही. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं ते ऐन गिरणगावात. आजूबाजूच्या चाळी रत्नागिरी-मालवणकडच्या चाकरमान्यांनी भरलेल्या. वॉर्डातून सुटलेली बाई दिराच्या नाहीतर मामाच्या खोलीत राहायची आणि ड्रेसिंगला चालत जायची. कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास सांगताना या खोल्यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या काळी ऑपरेशनही मोठं असे. अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. पुढे १९८० च्या दशकात इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांतून दिसलं, की आजार लवकर सापडला तर फक्त स्तनातली कॅन्सरची गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. ऑपरेशन आटोपशीर झालं, तसा रुग्णालयातला मुक्कामही घटला.

पण लवकर घरी सोडतात म्हणजे बऱ्याचदा जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीसकट सोडतात. काखेजवळून निघालेली नळी, टोकाला दाबून बसवलेला प्लास्टिकचा डबा, तो मॅक्सीला सेफ्टी पिनेने अडकवलेला. रोज त्यातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. दिवसाला साधारण २०-३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. त्याला आठवडा लागतो, कधी दोन. तोवर गावी जावं तर परत यायचं कसं? आणि घरी उंच पायऱ्या, विहिरीवरचा रहाट!

पोटाची कातडी, चरबी आणि स्नायू वापरून नवा स्तन घडवण्याची पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पोटालाही टाके पडतात, सुरुवातीचे काही दिवस बाईला ताठ उभं राहता येत नाही. अशा अवस्थेत मुंबई-गोवा हायवेचे खड्डे नकोच. म्हणजे मुंबईतल्या खोलीची गरज वाढणार होती. आणि त्याच १९८२ मध्ये गिरणी संप झाला. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं दिवा, विरारला पांगली. परळची हक्काची खोली हातची गेली.

मग आधार उरला तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या, परळच्या नाना पालकर स्मृती समितीसारख्या ठिकाणांचा. तिथे स्वस्तात राहायला मिळतं, शेजारच्या खाटेवरची बाई डबा कसा रिकामा करायचा ते दाखवते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि प्रवास सुसह्य झाला. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयामुळे चिपळूणच्या आसपासच्यांना कॅन्सरचे उपचार जवळ मिळू लागले.

राजापूर-देवगडच्या बाईला मात्र डेरवणही लांबच. नळी काढणं हे शिकलेल्या नर्सचं काही मिनिटांचं काम. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, टाटाच्या डॉक्टरांना फोनवर विचारून, व्हायलाच हवं.