मृत्युकालनिर्णय, रक्तरसायनावरून

मृत्यूनंतर रक्तात होणाऱ्या रासायनिक बदलांवरून मृत्यू होऊन किती काळ लोटला, याचा अंदाज बांधण्याची न्यायवैद्यकातील पद्धत. देहाचे तापमान, ताठरता व शवनीलता (खालच्या बाजूला रक्त साचून त्वचेवर उमटणारा निळसर रंग) या नेहमीच्या लक्षणांना पूरक म्हणूनच ती वापरतात.

रक्ताभिसरण थांबले तरी कोशिकांत ग्लुकोजचे विघटन काही काळ ऑक्सिजनविना चालूच राहते. त्यामुळे रक्तातील ग्लुकोज घटते, लॅक्टिक अम्ल साठते व ७.४ च्या आसपासचे पीएच मूल्य उतरते. अमोनिया व हायपोझँथीन (कोशिकांतील प्यूरिनांच्या विघटनातून होणारे द्रव्य) वाढतात. सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत राखणारा कोशिकांचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडल्याने कोशिकांतील पोटॅशियम (लिटरला सुमारे १४०–१५० मिलिमोल) रक्तद्रवात झिरपते. तेथे ते जिवंतपणी जेमतेम ३.५–५ असते. मात्र तांबड्या कोशिका लवकर फुटून पोटॅशियम एकदम वाढवतात आणि हृदयातील व मांडीच्या नीलेतील रक्ताची मूल्ये जुळत नाहीत. यूरिया व क्रिॲटिनीन बरेचसे स्थिर राहतात, म्हणूनच कालनिर्णयाला निरुपयोगी.

या अडचणींमुळे अभ्यासक डोळ्यातील काचाभ द्रवाकडे (बुबुळामागील भाग भरणाऱ्या पारदर्शक द्रवाकडे) वळले. तो रक्तापासून अलग असतो व उशिरा कुजतो. त्यातील पोटॅशियमच्या वाढीकडे लक्ष वेधण्याचे श्रेय बहुधा जाफ (१९६२) यांच्याकडे जाते; सूत्र मात्र स्टर्नर (१९६३) यांचे रूढ झाले : मृत्यूनंतरचे तास = ७.१४ × पोटॅशियम (मिलिमोल प्रतिलिटर) − ३९.१. माडेआ व सहकाऱ्यांनी (१९८९) ते ५.२६ × पोटॅशियम − ३०.९ असे सुधारले. पोटॅशियम ८ मिलिमोल आल्यास पहिल्या सूत्राने सुमारे १८ तास येतात, दुसऱ्याने सुमारे ११. दुसरे सूत्र अधिक ग्राह्य मानणे योग्य दिसते, पण तेही तापमानाचा हिशेब धरत नाही.

पुण्यात हा मुद्दा किरकोळ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तर हिवाळ्यात काही पहाटे दहा अंशांखाली जातो. युरोप-अमेरिकेतील सूत्रे येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे. ससून रुग्णालय व त्याला जोडलेले बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) हे शहरातील शवविच्छेदनाचे प्रमुख ठिकाण. अकस्मात मृत्यूचा पंचनामा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) होतो. तज्ज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य असते, निर्णायक नव्हे. त्यामुळे नेमकी वेळ न देता तासांची मर्यादा देणेच रास्त. देह शीतकपाटात कधी ठेवला याची नोंद नसेल, तर पोटॅशियमच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.